टाच

देवास, मंगळवार संध्याकाळ

देवीच्या टेकरीच्या पायऱ्यांवर घसरले त्याला तीन आठवडे झाले. तेव्हा बाबा मला हट्टाने त्यांच्या जुन्या, हाडं-नसा बसवणाऱ्या पहिलवानाकडे घेऊन गेले. "नस चढ़ गई है, बेटा," म्हणत त्याने मालिश करून पट्टा बांधला. आज बाबांना न सांगता मैत्रिणीबरोबर इंदूरला गेले. डॉक्टर म्हणाले, "पाय सरळ ठेवून टाच उचला." उचललीच गेली नाही. गुडघ्याच्या वाटीखालचं, पाय सरळ उचलून धरणारं टेंडन पूर्ण तुटलंय, आणि इतक्या दिवसांत आखडलंय. आता ऑपरेशन अवघड. तुटलेलं मालिशने जुळेल, असं मला तरी कसं वाटलं? घरी दहादा प्रयत्न केला. टाच गादीवरच.

मघाशी बाबा तेल कोमट करून आले. माझी टाच स्वतःच्या तळहातावर उचलून म्हणाले, "बघ, आज वर आली."

मी हो म्हणाले.