करडं वासरू

६ एप्रिल, रविवार
बघण्याचा कार्यक्रम उत्तम पार पडला. गाव उजनीच्या काठावर. मुलगी धम्मप्रिया, बी.ए. मी बारावी (एक विषय सोडून), पण शुद्धलेखन माझंच चांगलं असणार.

तिचे वडील ईश्वरमामा. ऊस, केळी, पाण्यात मोटार. म्हणाले, "शहरातला पावणा पाण्याला भितो. आमच्यात भिणारा चालत न्हाय." तेव्हा मी वासराची गोष्ट सांगितली. सात वर्षांचा असताना पुरात उडी मारून मी वासरू वाचवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त मुलीने विचारलं, वासरू कसल्या रंगाचं? करडं, मी म्हणालो. "तांबडं नव्हतं?" अजिबात नव्हतं. ती ओढणीत तोंड लपवून हसली. लाजाळू आहे.

मामा खूश. दरवर्षी पाणी उतरलं की मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तोंडाची झडप, गाळात रुततो, कुणाला तरी आत शिरून काढावा लागतो. "वीस तारखेला तुमीच या. मग पुढचं बोलू." मी हो म्हणालो. आईला मध्येच फार खोकला आला. दवाखान्यात दाखवणे.

७ एप्रिल
आठवण पुन्हा तपासली. पक्की आहे. पाणी करडं, आभाळ करडं. पाऊस बारीक, मुंग्यांसारखा. लाट आली की सगळंच आडवं हलतं. पप्पा उंचावरून ओरडतायत, "दिसतंय का? आता?" आम्ही सगळे, "नाही! नाही! हां, दिसलं!" म्हणजे वासरू दिसलं. मग माझी उडी. पुढे थोडा वेळ एक बाई काठावर पांढरे कपडे धुताना दिसते. पूर आलेला असताना ती एवढी आनंदात का होती, कळत नाही.

पप्पांची एवढीच ठळक आठवण माझ्याकडे आहे. मला पोहताना बघून त्यांना काय वाटलं असेल, हा विचार अजून येतो. स्वप्नातही हेच दिसतं. तसंच, करडं.

निश्चय : उद्यापासून पहाटे तलावावर सराव.

९ एप्रिल
काल शिंका आल्या. आज गेलो. नियमांच्या पाटीवर 'पोहन्यापूर्वी' आणि 'आंघोळ करने'. वॉचमनला दाखवलं. तो म्हणाला, "पवायला आलायस का पेपर तपासायला?" बाकीच्या ओळीही तपासल्या. तेवढ्यात बॅच संपली. पाण्याचा अंदाज मात्र आला.

११ एप्रिल
फ्लेक्सच्या दुकानात जयंतीची गर्दी. तलाव रद्द. काउंटरवर पालथं पडून हात मारून पाहिले. सफाईदार. कल्लप्पाअण्णा, आमचे मालक, म्हणाले, "काय बे, मिरवणुकीला पोहत जाणारैस काय? ऊठ, शाई ओली हाय." शर्टावर कुणातरी शुभेच्छुकाचा अर्धा चेहरा उमटला.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत आईला विचारलं, वासराची गोष्ट कोणत्या सालची? डीजेमुळे नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "टीव्ही होता तवाची." बरोबर. तेव्हा आमच्याकडे टीव्ही होता. साल जुळलं.

१८ एप्रिल
पोहायचा चष्मा घेतला. घालून आरशात पाहिलं. आत्मविश्वास वाढला. तलावावर जाण्याची आता गरज वाटत नाही. एकदा शिकलेलं पोहणं माणूस विसरत नाही, असं सगळेच म्हणतात.

२० एप्रिल, रविवार
थोडक्यात लिहितो.

सगळं घर काठावर. मी चष्मा लावला, आठवणीत मारतो तशीच उडी मारली. पाणी करडं नव्हतं. मातकट होतं, आणि नाकात होतं. मी हात मारले. नंतर पप्पांना हाका मारल्या, असं सगळे सांगतात. धम्मप्रियाची आजी, बजाबाई, काठावर शेंगा फोडत बसली होती. ती ओरडत होती, "आरं उबा ऱ्हा की! उबा ऱ्हा!"

मला वाटलं, धीर देतेय. शेवटी उभा राहिलो.

पाणी कमरेएवढं होतं.

मग धम्मप्रियाने ओढणी कमरेला बांधली, पुढे खोल पाण्यात बुडी मारली आणि फूटव्हॉल्व्ह मोकळा करून आली. चहा येईपर्यंत कुणी हसलं नाही. निघताना ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं कलर टीव्ही होता. वासरू तांबडंच होतं." म्हणजे काय? घरी येईपर्यंत विचार केला. आईला विचारायचं धाडस झालं नाही.

२१ एप्रिल
विचारलं. आई म्हणाली, "तू कुटल्या पुरात? दर रविवारी ती वासरू वाचवणाऱ्या पोराची मालिका लागली की तू परातीत पाणी घेऊन तोंड बुडवायचास. लई शिंकायचास. नंतर झोपेत हात मारायचास." कपडे धुणारी बाई? "ती साबणाची जाहिरात." आणि पप्पा? "ते पत्र्यावर, अँटेना धरून. पावसातसुद्धा. खाली यायची सोय न्हवती, हात सोडला की टीव्हीवर मुंग्या."

त्या दिवशी तिथेच का नाही बोललीस, म्हणालो. "खोकले की. किती खोकायचं माणसानं?"

म्हणजे पप्पांनी ती मालिका कधी बघितलीच नाही.

२४ एप्रिल
मामांचा फोन नाही. बरोबरच आहे. धम्मप्रियाला एक माफीचा मेसेज लिहिला. चार वेळा तपासला. एकही चूक नाही. पाठवला नाही.

२६ एप्रिल
तिचाच फोन. म्हणाली, "घरी सांगितलंय, माणूस खोटारडा न्हाय, त्याला खरंच तसं वाटत होतं. बाबा म्हणतात, हे जास्त वाईट." मग हसली. तिची एक अट आहे. उद्या गावी बोलावलंय.

२७ एप्रिल, रविवार
अट अशी : पावसाळ्याआधी पोहायला शिकायचं. गावात पोरं पाठीला रिकामा डबा बांधून शिकतात. मी पोर नाही म्हणून मला तेलाचा मोठा डबा. दोरी बजाबाईच्या हातात. "हात मार, पावण्या. बुडलास तर नात बिनलग्नाची ऱ्हाईल." धम्मप्रियाने काठावरून घरी व्हिडिओ कॉल लावला होता. दिसतंय का, असं तिने मामांना विचारलं.

परतताना एसटीत डुलकी लागली. तेच स्वप्न. पहिल्यांदाच रंगीत. तांबडं वासरू माझ्याकडे न बघता पोहत पलीकडे गेलं. मी काठावर, पाठीला डबा. वरून पप्पांनी विचारलं, "दिसतंय का? आता?"

मी म्हणालो, "दिसतंय. हलू नका."

कंडक्टर म्हणाला, "कोण हलतंय? उतरा, सोलापूर आलं."