रंगूनहून आणलेला वारा

चि. कावेरीस,

गुरुदासकाकाचे मनापासून आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. काकूचा गुडघा तेवढा स्वतःच्या मर्जीने चालतो. तू नुसत्या चहावर दिवस काढू नकोस.

आधी आभार. इंग्रज अमदानीतल्या सिमेंटच्या घरांचा इतिहास लिहायचा आणि आपल्याकडची मोजमापं सातवी पास काकावर सोपवायची, हे धाडस तूच करू जाणे. (पाकिटावर तू 'संशोधक' लिहिलंस, काकूने ते देव्हाऱ्यात ठेवलंय.)

वालावलला आनंदीबाईंकडे गेलो. त्यांच्या आजेसासऱ्यांनी रंगूनला साहेबांच्या बंगल्यांवर मुकादमी केली आणि छत्तीस साली गावात तसंच घर बांधलं. सपाट स्लॅब, रुंद छज्जे, मधल्या भिंतीत सिमेंटची जाळी. आता जाळीच्या अलीकडे आनंदीबाई, पलीकडे खाडीच्या बाजूला त्यांचे चुलत दीर भाई. अकरा वर्षं बोलणं बंद, वारा तेवढा येऊनजाऊन. मी ओटीवर मोजायची टेप उघडली. (दुसऱ्याच्या ओटीवर टेप उघडू नये, हे केस पिकूनही मला कळू नये!) भाई स्वतःची टेप घेऊन धावले.

"वाटणी करूक ईलास? माका न सांगता? सोमवारी जाळी चिऱ्यांनी बंद करतलंय. खाडीचो वारो माझ्या वाट्याचो!"

"वारो काय तुझ्या आज्यान रंगूनसून आणलो?" आतून आनंदीबाई.

"तेनीच आणलो!"

कावेरी, घरात वारा खेळवायची रीत रंगूनहून आली, हा तुझा अख्खा धडा भाईंनी दोन शब्दांत सांगितला बघ. मी आनंदीबाईंची चादर मागून जाळीवर टाकली. भाईंच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं, ते गप्प लोंबलं. वाऱ्याला बाहेर पडायला वाटच नाही, तर तो आत येईल कशाला? भाईंनी कॅलेंडरचं पान बोटाने हलवून पाहिलं. मग म्हणाले, "काढ ती चादर." आणि आनंदीबाईंनी जाळीच्या भोकातून फणसाचा एक गरा पलीकडे सरकवला. भाईंनी तो घेतला, गो! तुझ्या कामाने मला हे बघायला मिळालं, त्याचे उपकार कसे फेडू?

तुझा,
गुरुदासकाका

ता.क. गवंडी सोमवारी येतो, हे भाईंनी गावभर सांगून ठेवलंय. आता माघार घ्यायला त्यांना निमित्त हवं. रविवारी ये आणि जाळीला हात लावू नका म्हणून चारचौघांत त्यांना दटाव. ते वाटच बघतायत.

ता.क. मोजमाप एकही लिहिलेलं नाही. टेपही भाईंकडे राहिली. येताना तुझ्याकडची टेप घेऊन ये, पण चहा होईपर्यंत पिशवीतून काढू नकोस.

ता.क. आपल्या घरातले झरोके गेल्या पावसात मीच सिमेंटने बुजवले. भाईंसमोर हा विषय नको.