पाकिटातले कलश

आहवा, ९ ऑक्टोबर २०२४

सौ. स्वातीताईस,
हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

लिहायचं टाळत होतो. बाळ जगलं नाही, हे विकासदाजींनी पितृपक्षातच कळवलं. फोन केला की तू नुसती हुंदके देतेस. म्हणून कागद.

सध्या डांगात टेम्पोवर क्लीनर आहे. मालक म्हणतो, हा चाक बदलायला उतरला की ओढ्यात सापडतो. परवा खरंच सापडलो. ओल्या खडकावर मॉस होतं, गादीसारखं. तू शाळेत शिकवायचीस ना, त्याच्यातल्या बाईच्या अंगाला अंदुककलश म्हणतात, सुरईसारखी मान, आत एकच अंडं, पाणी आलं की मान उघडते? मला ते कलश सापडले. बारीक देठांवर तपकिरी. सगळे चिमटीनं उपटून सोबत धाडतोय. तेवढंच तुझं मन रमेल.

तुझ्या सासूबाई मुराळी आल्याशिवाय माहेरी पाठवणार नाहीत, हे दाजी बोलले. मी दिवाळीनंतर न्यायला येतो, नक्की. बाबांना विचारलं होतं. म्हणाले, मनानं लग्न केलं तेव्हा मुराळी लागला नव्हता. आणि फोन ठेवला.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
हेमराज

नवागाम, सुरत, १६ ऑक्टोबर

चि. हेमराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वेड्या, हे कलश नव्हेत. कलश शेंड्याच्या पानांत दडलेला असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तू उपटलीस ती पोरं. मॉसचं पोर कलशातच रुजतं आणि आईच्या डोक्यावर उभं राहतं. जन्मभर तिचंच पाणी पितं. तोडलं की सुकलं.

आधी हसले. मग ते देठ तळहातावर घेऊन बसून राहिले. दवाखान्यात मला बाळ दाखवलं नाही. पाहिलंस तर जीव गुंतेल, असं सासूबाई म्हणाल्या. अजून दूध येतं, पदर भिजतो. शेजारचे माग दिवसभर खडखडतात, त्यात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही, एवढं बरं आहे. आईच्या घरी जाऊन नुसतं झोपायचं होतं रे. दिवाळीनंतर तर दिवाळीनंतर.

जेवत जा वेळेवर. तुझ्या या ताईला धरून राहा.

तुझी,
स्वाती

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सासूबाई आत आल्या. कुणी म्हातारा मुराळी म्हणून आलाय, म्हणाल्या. त्यांनी कधी पाहिलेलं नाही ना. बाबा आहेत. आत या म्हटलं तरी येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, पोरीचं सामान बांधा, एवढंच म्हणताहेत.