गिअरचा नॉब आणि साडूचं हसू

मंगळवार, संध्याकाळ. बारामती.

गिअरचा नवा नॉब साडेसहाशेचा. खरी किंमत भवानीनगरला मोजली. साखरपुडा उरकून निघताना सगळ्या पाहुण्यांदेखत तो उपटून माझ्या हातात आला, आणि आमचे साडू खिडकीत तोंड घालून म्हणतात, "आबा, आता हातात धरूनच बारामतीला जाणार व्हय?" माझी बायकोसुद्धा हसली. हसलो मीही. पण ते 'व्हय' अजून कानात हाय.

पंक्चर काढण्यापासून गॅरेजपर्यंत आलेला माणूस मी. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा कुठला नट ढिला, ते नुसतं ऐकून सांगतो. आणि स्वतःच्या गाडीत नॉबखालचा नट आवळायला विसरलो? कसा?

आज नॉबच्या आट्यांना एकदा वाळला की न सुटणारा लाल गोंद लावला, नॉब पार शेवटपर्यंत फिरवला, खालून नट पान्यानं वर आवळला. रविवारी गाडी साडूच्याच हातात देणार. ओढा म्हणावं! खांदा निखळेल, नॉब न्हाय. मग मी विचारणार, "काय साडू, निघंना व्हय?"

आत्ता पाहून आलो. गोंद वाळलाय, नॉब तसूभर हलत नाही. त्याच्यावरचे गिअरचे आकडे तेवढे उलटे बसलेत. पहिल्या गिअरच्या जागी रिव्हर्स आलाय.