चंद्री एकटी चालत नाही

शुक्रवार, संध्याकाळ. मार्गासनी.

एकट्यानं घोडी फिरवणाऱ्या माणसांनो, म्हणजे मीच की! रोजनिशीतही सभेची सवय सुटत नाही. आपल्या भाषणांना टाळ्या वाजवणारे पुष्कळ, पण डोंगरवाटेला सोबत कुणाची नाही.

रविवारी लांब पल्ल्याची शर्यत. तिथं नुसतं पळून भागत नाही. थांब्यावर डॉक्टर घोड्याच्या छातीचे ठोके मोजतात. ठोके वेळेत उतरले नाहीत तर घोडा बाद. आज गुंजवण्यापर्यंत सराव केला, तर चंद्री सारखी धावतच होती. माझे जुने सोबती सदूभाऊ, त्यांचा घोडा पुढं असेल, त्याला गाठू, असं तिला वाटत असावं. दोन्ही घोडे वर्षानुवर्षं जोडीनं चाललेत; तो शेजारी असला की ती शांत चालते. गुडघेदुखीमुळं भाऊंनी घोड्यावर बसणं सोडलं, हे तिला कोण सांगणार? मी समजावू लागलो, तर माझा आवाज सभेतल्यासारखा चढला आणि ती आणखी उधळली.

टपरीवर चहावाल्या काकू म्हणाल्या, "दादा, आज ऐकायला घोडीच व्हय? तीबी पळून चालली की!"

हसलो. मग चंद्रीच्या छातीला हात लावला. ठोके उतरेचनात. चहा गार झाला, तरी नाहीत. रविवारी अशीच धावली तर बाद होणं राहू दे, ती कोसळेल.

भाऊंची लेक सुमन आता त्या घोड्यावर बसते. तिला विचारायचं? मंचावरून जन्मभर सांगत आलो, कुणापुढं हात पसरू नका. अजूनही तेच मानतो. पण हा बाणा माझा आहे, चंद्रीचा नाही. ते ठोके अजून हाताला जाणवताहेत.

तेव्हा एकट्या माणसा, सकाळी भाऊंच्या दारात जा आणि म्हण, "सुमन, रविवारी घोडा घेऊन ये. आम्हाला सोबत हवी आहे."