ओठावरचा डाग

१२ जानेवारी १९५८, सोलापूर
दादा आला होता, बहिणीच्या, शालूच्या, लग्नाची लुगडी घ्यायला. मी कामाला असतो त्या थेटरात बाकावर बसून सारखा माझ्या ओठाकडेच बघत होता. गणपतीत डाग तांदळाएवढा होता. आता मिशीची एक बाजू पांढरी. म्हणाला, "डाग गेलो तर लग्नाक ये. नायतर मागसून ये. व्याह्यांनी बघितल्यानी तर म्हणतले, घराण्यात कोड आसा." शालू काय म्हणते, विचारलं. "तिनाच सांगल्यान." चहा न घेता गेला.

१९ जानेवारी
चामडीच्या डॉ.कडे. तेल लावून दिव्यासमोर बसवतो, डोळ्यांवर काळा चष्मा. "वर्षभर येत राहा. आधी तिळासारखे ठिपके येतील, मग रंग भरेल." वर्षभर. लग्न वैशाखात. जाताना दिव्यात वाकून बघितलं. दोन कार्बनच्या कांड्या, मधे जाळ. आमच्या प्रोजेक्टरात असल्याच कांड्या रोज मी बदलतो. आणि आमचा जाळ याचा बाप.

२ फेब्रुवारी
रीळ चालू असताना दिव्याचं दार किलकिलं करून ओठ पुढे धरतो. डोळे मिटून. वाऱ्यानं जाळ हलतो, पडद्यावरचं चित्र फडफडतं, खालून प्रेक्षकांच्या शिव्या. ऑपरेटर अण्णा म्हणतो, "काय बे कोकण्या, हिरॉईनला सोडून दिव्याचा मुका घेतो का?"

२३ फेब्रुवारी
ठिपके आले. डॉ. म्हणाला तसेच, तिळासारखे. आरशापुढून हलवेना. अण्णाला दाखवले. "माश्या बसल्यात," म्हणाला.
दादाला कार्ड टाकलं, येतो म्हणून.

१६ मार्च
ओठ जाळापुढे जास्त वेळ धरला. म्हटलं लवकर भरेल. ओठ सुजून फोड आलाय, भाकरी चावत नाही, डोळ्यांत वाळू घातल्यागत. अण्णानं तिकीटवाल्याला वर बोलावून दाखवलं, "फुकटचा खेळ बघ."

६ एप्रिल
खपली निघाली. खाली पांढरंफेक. ठिपके गेले. डाग नाकापर्यंत चढला, आणि भोवतीचं तोंड भाजून काळं झाल्यामुळे रस्त्यापलीकडून दिसतो. डॉ. म्हणाला, "जळल्या जागी कोड पसरतं. आता मी काय करू?"
दादाचं उत्तर नाही.

९ मे, मालवण
स्टँडजवळच्या हॉटेलात बसून लिहितो. गाडीत शेजारी आमच्या वाडीतला भिकाजी, शालूच्याच लग्नाला निघालेला. माझ्या तोंडाला पंचा. त्यानं ओळखलं नाही. मीच विचारलं, नवरीचे भाऊ किती?
"एकच. थोरलो."
धाकटा होता ना?
"होतो. थंय सोलापुराक पटकीच्या साथीत मेलो म्हणतत. त्याची आई रडली नाय, आमका नवल वाटला."
गाडीतून उतरल्यावर पंचा सोडला.  भिकाजीनं माझ्या दंडाला हात लावून बघितलं, मी खरा की काय.
आता समोर बसलाय, चहा तसाच. मुहूर्त दुपारचा. मी म्हटलं, तू पुढे हो, मी आलोय म्हणून सांग. मग म्हटलं, नको सांगू. पुन्हा म्हटलं, निदान आईला सांग.
तो उठून उभा आहे, पिशवी काखेत. "काय ता एक सांग रे, माका उशीर होता."