पायाळूची उसण

आये, न्हाई, मी वजन उचललं न्हाई आन् जिन्यावरनं घसरलेबी न्हाई. पाठ दुखली की समद्यांला तेवढंच सुचतं. उजव्या फासळीखाली धरलं, तिथनं मागं खांद्याच्या खवाट्यात गेलं. मी म्हणले, उसण भरली. आता मी पायाकडनं जन्मलेली, आख्ख्या न्हावरे गावाच्या उसणीवर लाथ मारणारी, माझ्या पाठीत कोण मारणार? शेजारच्या आळीतली एक पायाळू बोलावली. तिनं हाणली. ऱ्हायलं तर न्हाईच, वर उलट्या आन् हुडहुडी. पोरानं गाडीत घातली आन् दौंडच्या दवाखान्यात आणून टाकली.

आता पडलेय. डाव्या हाताला सुई, खाटंला दोन्हीकडनं लोखंडी दांड्या, आन् दारात सून बसलीय. "उठू नका आत्या, सुई निघंल." म्हणले, मुतायलाबी इचारून जायचं का? म्हणती, व्हय. मघाशी डॉक्टर आला, पोरगेलाच हाय. "आजी, वाकल्यावर, कूस बदलल्यावर दुखणं कमीजास्त होतं का?" कसंबी पडा, तेवढंच. "तेलकट खाल्ल्यावर?" व्हय, भजी खाल्ली की थोड्या येळानं उठतंच. तर म्हणला, पाठीचं दुखणं बहुतेक हालचालीनं बदलतं. हे बदलत नाही, खाण्यावर उठतं, बरोबर ताप आन् उलटी. म्हंजी कळ पाठीत, पण दुखणं पोटातलं. पित्ताच्या पिशवीत खडे हायत. उद्या पिशवीच काढायची म्हणतो.

तो बोलत हुता आन् मला तू दिसत हुतीस. जेवणं उरकली की तू चुलीपुढं वाकून बसतीस, हात फासळीखाली. "ये गं, मार." मी मारते. "ह्याला लाथ म्हणत्यात व्हय? माझ्या त्या थोरल्या जावंला मारतीस तशी मार." मग मी दात खाऊन मारायची, आन् तू म्हणायचीस, आता बरं वाटतंय. पुढं तुझं डोळं हळदीवानी पिवळं झालं, तू गेलीस, तरी समदे उसणच म्हणत हुते. मीबी म्हणत हुते. आपल्याला तेवढंच ठाऊक.

डॉक्टर जाताना म्हणला, "वेळेवर आलात आजी, बऱ्या व्हाल." सून हसली. मला रागच आला. दोन गोष्टी इचारून कळण्यासारखं हुतं, तर तुला कुणी का इचारल्या न्हाईत? तोंड फिरवून म्हणले, न्हाई काढायची पिशवी. माझं पोरगं पाया पडलं, सून रडली, आन् ह्या दांड्यांतनं उठून जावं तरी कुठं. तेवढ्यात परत कळ आली. म्हणले, काढा.

तुझ्याएवढं सोसणं मला जमत न्हाई, आये. हे समदं तुला औषधाच्या पुड्यावर लिव्हलंय, सुनंच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार हाय. फुडं काय इचारू नको, मी सांगणार न्हाई.